राखेच्या बुधवारआधी एवढं करा

वसईच्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींनो,

प्रायश्चित्तकाळ तोंडावर आला आहे. चाळीस दिवस कोणी मटण सोडेल, कोणी दारू. यंदा त्याआधी आणखी एक गोष्ट सोडा: दुसऱ्याच्या चारित्र्याचा पंचनामा. ही विनंती तातडीची आहे, कारण या पंचनाम्यापायी माणसं देवळात यायची थांबली आहेत. त्यांची श्रद्धा आटलेली नाही. लोकांच्या नजरा त्यांना सोसवत नाहीत.

रविवारी काय घडतं ते आठवा. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एखादी बाई कम्युनियनच्या रांगेत उभी राहते. मागच्या बाकावर एक कोपर दुसऱ्या कोपराला लागतं. ती जागेवर परतून गुडघे टेकेपर्यंत नजरा तिच्या पाठीवरून हटत नाहीत. मिस्सा संपली की आवारातल्या क्रुसाजवळ विषय निघतो, ‘हिला कम्युनियन चालतं कसं?’ संध्याकाळी तोच प्रश्न आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पुढच्या रविवारी ती पहाटेच्या मिस्साला येऊन शेवटच्या बाकावर बसते. मग तीही बंद.

तर उत्तर ऐका. चालतं. नुसतं वेगळं राहिल्याने किंवा कोर्टात घटस्फोट झाल्याने कोणाचं कम्युनियन बंद होत नाही. पहिला विवाह चर्चने रद्दबातल ठरवलेला नसताना दुसरं लग्न केलं, तर प्रश्न येतो. तिथेही सरसकट शिक्का मारू नका, प्रत्येकाची परिस्थिती जवळून समजून घ्या, असं पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रातून धर्मगुरूंना सांगितलं. त्याआधी २०१५ मध्ये त्यांनी विवाह रद्दबातल ठरवण्याची प्रक्रियाही सोपी केली होती.

कुमारी मातेच्या बाळाच्या बाप्तिस्म्यावरून नाकं मुरडणाऱ्यांनी कॅनन लॉ उघडून पाहावा. आईवडिलांपैकी एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी आशा, एवढंच तो मागतो. आईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे का, हे तो विचारत नाही. आत्महत्या केलेल्याच्या दफनाला जावं की नाही, अशी कुजबुज अजून कानी येते. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला १९१७ च्या संहितेत चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गेली. रोमने जे दार उघडलं, ते आपण आवारात उभं राहून पुन्हा लावून घेतो आहोत.

‘पण आम्ही खोटं कुठे बोलतो?’ असं कोणी म्हणेल. कॅटेकिझम इथे आपल्याला सोडत नाही. पुरेशा पुराव्याशिवाय दुसऱ्याला दोषी मानणं हे पाप आहे. खोटी बदनामी हे तर पापच. आणि एखाद्याचा खरा दोषसुद्धा सबळ कारणाशिवाय, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्या कानावर घालणं, हेही पाप आहे. कॅनन लॉच्या २२० व्या कलमानुसार कोणाच्याही नावलौकिकाला विनाकारण धक्का लावता येत नाही. शिवाय कन्फेशनमध्ये सांगितलं की हिशेब मिटला, असंही नाही. ज्याचं नाव आपण खराब केलं, त्याची भरपाई करणं आपल्यावर बंधनकारक आहे. गावातल्या पापांची सर्वांत जास्त माहिती ज्यांना असते, त्या फादरांना कन्फेशनमधलं अवाक्षरही बाहेर काढता येत नाही. बोलतात ते ऐकीव माहितीवरचे.

मात्र याचा अर्थ ‘सगळ्यावर पांघरूण घाला’ असा कोणी काढू नये. आपल्याकडे उलटंच चालतं. मुलीच्या कपड्यांवर, कोणाच्या परजातीतल्या लग्नावर तासभर चर्चा होते आणि शेजारी बायकोला मारहाण होते, तेव्हा ‘त्यांचं घरगुती आहे’ म्हणून आपण खिडकी लावून घेतो. नीतीची चर्चा आणि अन्यायाची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाचं लैंगिक शोषण होत असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकाला सक्तीचं आहे. शोषण करणारा घरचा असो की देवळातला, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे कुजबुज नको. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक फिरवा, पोलीस ठाणं गाठा.

म्हणून राखेच्या बुधवारआधी एवढं करा. आवारात कोणाचा विषय निघाला, तर ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का?’ एवढंच विचारा. विषय तिथेच थांबेल. ग्रुपवर कोणाच्या घरातली गोष्ट आली, तर पुढे पाठवू नका, आणि ॲडमिन असाल तर काढून टाका. नियमाविषयी शंका असेल तर फादरांना विचारा, शेजारणीला नको. पॅरिश कौन्सिलने वेगळ्या झालेल्या, एकट्या आणि परधर्मीयांशी लग्न केलेल्या घरांना नोव्हेनाचं व सणाचं आमंत्रण स्वतः जाऊन द्यावं. आणि कोणाविषयी बोलला असाल, तर ते ज्यांच्यापाशी बोललात, त्यांना गाठून ते शब्द मागे घ्या.

देवळात यायचं सोडलेलं एक तरी घर तुम्हाला ठाऊक असेल. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा. का येत नाही, असा जाब विचारू नका. येत्या रविवारी त्यांना सोबत घेऊन या आणि आपल्याच बाकावर, आपल्याशेजारी बसवा.