दोन सड, तीन करडे

शेळी घरातल्या बाईच्याच हाताखाली वाढते.

आपल्या उमापूर भागात, गेवराई तालुक्यात, दारोदार दिसते ती काळी, लोंबत्या कानांची उस्मानाबादी शेळी. उस्मानाबादचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. जुळे देणे हा या जातीचा गुण, आणि कधी तिळेही होते. कासेला सड मात्र दोनच. दोन पितात, तिसरे ढकलले जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मान टाकते. त्यात ऊसतोडीचा हंगाम असेल तर कर्ती माणसे टोळीबरोबर कारखान्यावर. घरी म्हातारी माणसे, पोरे आणि थंडीत व्यालेली शेळी. म्हणून हे टिपण आजी-आजोबांनाही वाचून दाखवा.

सर्वांत आधी चीक. 'वार पडल्याशिवाय चीक पाजू नये' ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. ती सोडा. करडू पोटात असताना त्याला आईकडून रोगाशी लढण्याची ताकद मिळत नाही. ती चिकातूनच मिळते आणि पहिल्या काही तासांतच आतड्यातून अंगात शिरते. दिवस उलटला की ते दार बंद झाले. शिवाय करडू कासेला लुचले की गर्भाशय आकसते आणि वार पडायला मदतच होते. तेव्हा सड धुवा, पहिली धार जमिनीवर काढून टाका आणि अर्ध्या-एक तासात करडू लावा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात निदान २०० मिली चीक, तीन-चार वेळा विभागून, मिळाला पाहिजे. तीन असतील तर तिघांनाही. वाटणी तुम्ही स्वतः उभे राहून करा.

मग तिसऱ्याचे काय? शेजारी एकच करडू असलेली किंवा करडू दगावलेली शेळी असेल तर तिला लावून पाहा. शेळी पिलू ओळखते ती वासाने. तिचेच दूध करडाच्या पाठीला, शेपटीला चोळा आणि दोन-तीन दिवस शेळीला धरून पाजा. काही शेळ्या घेतात, काही शेवटपर्यंत लाथ मारतात.

नाही घेतले तर बाटली. दूध दुसऱ्या शेळीचे किंवा गाईचे चालेल, पाणी न घालता. म्हशीचे दाट दूध शक्यतो टाळा, हगवण लागते. दूध अंगाला लागेल इतके कोमट हवे. बाटली उलटी धरली तर बुचातून थेंब थेंब पडावा. धार लागली तर भोक मोठे आहे. करडू उभे ठेवा, मांडीवर उताणे नको. बाटली आईच्या कासेच्या उंचीला धरा. करडू चोखते तेव्हा दूध पहिल्या पोटाला वगळून थेट चौथ्या पोटात जाते, तेथेच ते पचते. तोंड वर करून ओतलेले दूध श्वासनळीत उतरते आणि करडू न्यूमोनियाने जाते. वाटीने पाजायचे असेल तर बोट दुधात बुडवून चोखायला द्या, हळूहळू तोंड वाटीत न्या, नाकपुड्या बुडू देऊ नका. बाटलीपेक्षा वाटी धुवायला सोपी, हे खरे. पण पहिल्या आठवड्यात बाटलीच बरी.

प्रमाण वजनाच्या आठव्या हिश्श्याइतके. अडीच किलोच्या करडाला दिवसाला सुमारे ३०० मिली, पहिल्या आठवड्यात चार वेळा, मग तीन, पुढे दोन. मायेपोटी एकदम पोटभर पाजू नका. हगवण लागली तर दूध कमी करून मीठ-साखरेचे पाणी द्या आणि दवाखाना गाठा. गारठलेले करडू आधी गोणपाटात गुंडाळून ऊब द्या, तोंड गरम लागल्यावरच दूध.

दुसऱ्या आठवड्यापासून सुबाभूळ, शेवरी, लसूणघासाची जुडी डोळ्यांसमोर टांगा. करडू आधी खेळते, मग खाते. अडीच-तीन महिन्यांत दूध कमी करत तोडा.

'एवढे दूध परवडते का?' असे उमापूरला हटकून विचारतात. रोज सरासरी अर्धा लिटर धरले तर दोन महिन्यांत तीस लिटर. त्या दुधाचे पैसे आणि सहा महिन्यांच्या बोकडाला बाजारात येणारे पैसे शेजारी शेजारी मांडा. पाट असेल तर विकूच नका.