छोट्या विमानांचा जमाखर्च

या सदरात आम्ही बहुधा शाळेचे प्रवेश, रेशनचे कागद, सोसायटीची भांडणे असल्या विषयांवर लिहितो. यावेळी विषय वेगळा आहे. गेल्या दोन महिन्यांत आम्ही एक विमान विकत घेतले. वाचकांनी दचकू नये. विमान प्लास्टिकचे आहे, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर भरते, आणि हे लिहीत असताना त्याचे निम्मेअधिक भाग बुटाच्या रिकाम्या खोक्यात सुटे पडलेले आहेत. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, हा आमचा छंद. त्यासाठी काय काय घेतले आणि किती पैसे गेले, ते सांगायचे ठरवले आहे. कारण असे की, या छंदाबद्दल जो विचारतो तो आधी खोक्याची किंमत विचारतो, आणि खोक्याची किंमत हा एकूण खर्चाचा निम्मासुद्धा भाग नसतो.

आधी मापाचे सांगतो. खोक्यावर १:७२ असे छापलेले असते. म्हणजे खऱ्या विमानाचे माप घ्या आणि ७२ ने भागा. आमचे विमान मिग-२१. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणून आमचा १० सेंटीमीटर. तेच विमान १:४८ मध्ये घेतले तर १५ सेंटीमीटर होते आणि १:३२ मध्ये २२ च्या वर जाते. ७२ हा आकडा विचित्र वाटेल, पण तो जुन्या इंग्रजी मापातून आला. ६ फुटांचे ७२ इंच होतात, म्हणजे सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा. मोठ्या मापात बारकावे जास्त दिसतात हे खरे, पण ज्यांच्या घरी कपाटाचा एक खण हाच विमानतळ आहे त्यांनी ७२ च्या पुढे जाऊ नये, असे आमचे मत आहे.

मिगच का, असेही विचारले जाते. हे विमान १९६३ साली भारतीय हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षे झाली. एवढ्या वर्षांत आपल्या कित्येक कारकुनांच्या दोन पिढ्या पेन्शनीत निघाल्या. शिवाय नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जो कारखाना १९६४ साली सुरू झाला, तो मिगच्या बांधणीसाठीच. त्या भागातल्या कितीतरी घरांच्या चुली त्या कारखान्यावर पेटल्या. या विमानाच्या अपघातांविषयीही पुष्कळ लिहून आले आहे, आणि त्यात तरुण वैमानिक गेले हेही विसरता येत नाही. पण पत्रा कापून, रिव्हेट ठोकून, वायरी जोडून जे यंत्र आपल्या माणसांनी उभे केले, ते हातात घेऊन पाहावे असे वाटले.

आता जमाखर्च. खोके १,६५० रुपयांना पडले. त्यात भारतीय चिन्हे नव्हती, म्हणून केशरी, पांढऱ्या, हिरव्या चक्रांचा आणि आकड्यांचा वेगळा कागद ५५० रुपयांना मागवला. ग्लूची बाटली ३८०. रंगाच्या तीन छोट्या बाटल्या ६३०, थिनर २२०. वॉटर पेपरचे तीन कागद ६० रुपयांना, रंगाच्या कडा झाकायची टेप ५०. साइड कटर १५०, बारीक कानशींचा सेट २४०, चिमटा ६०, ब्लेड बदलता येणारा चाकू ११०, दोन ब्रश १७०. एकूण ४,२७० रुपये. खोक्याचा वाटा शंभरातले एकोणचाळीस रुपये.

कॉमर्स शिकलेल्या माणसाला हा हिशेब पाहिल्यावर भांडवली खर्च आणि महसुली खर्च आठवल्याशिवाय राहत नाही. रंग, ग्लू, पेपर संपून जाणार. कटर, कानस, चिमटा, चाकू आणि ब्रश मिळून ७३० रुपये, ही मात्र मालमत्ता. दुसऱ्या विमानाला ते पुन्हा खर्चावे लागत नाहीत. नीट पुसून ठेवल्या तर कानशी कित्येक वर्षे जातील. उलट या छंदातली बहुतेक मंडळी काय करतात? हत्यार हलके घेतात आणि खोक्यांवर खोकी घेत सुटतात. आम्ही असे एक गृहस्थ पाहिले आहेत ज्यांच्याकडे चाळीसच्या वर खोकी बंद पडून होती आणि तयार विमाने तीन. दुकानदार असता तर बँकेने कर्ज दिले नसते! आम्ही स्वतःपुरता नियम केला आहे. हातातले विमान रंगून कपाटात गेल्याशिवाय दुसरे खोके घरात येणार नाही.

हत्यारे कुठे घ्यावीत, तर छंदाच्या दुकानात घेऊ नयेत. परदेशी कटर दीड-दोन हजारांच्या घरात जातो. लॅमिंग्टन रोडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले जो छोटा कटर वापरतात, तो प्लास्टिकला पुरेसा आहे, फक्त त्याने कधी तार कापू नये. कानशी आणि चिमटा आम्ही झवेरी बाजारात सोनारी हत्यारांच्या दुकानातून घेतले. सोनाराचे काम आपल्या कामापेक्षा बारीक असते, तेव्हा त्याचे हत्यार आपल्याला कमी पडत नाही. वॉटर पेपर कोणत्याही रंगाच्या दुकानात मिळतो. ४००, ६०० आणि १००० नंबरचा एकेक घ्यावा, पाणी लावून घासावा. पाण्यामुळे प्लास्टिकची भुकटी हवेत उडत नाही आणि पेपर भरून येत नाही.

भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, तिथून ते एकदम अंगालगत कापू नयेत. आधी थोडे लांब कापावे, मग राहिलेला टोचा दुसऱ्यांदा कापावा आणि उरलेले कानशीने घालवावे. अंगालगत कापले तर प्लास्टिक ओढले जाऊन पांढरा खड्डा पडतो. आमच्या मजल्यावर एक मामा राहतात, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. आम्ही कानस चालवत असताना ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना तिला उचला, नुसती घासू नका." पस्तीस वर्षे लोखंडावर चाललेला हात १० सेंटीमीटरच्या पंखावर कसा अलगद फिरतो, ते आम्ही त्या दिवशी पाहिले. माहितीपत्रकात ही गोष्ट लिहिलेली नव्हती.

ग्लूविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. या विमानाचे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असते. त्याचा खास पातळ ग्लू प्लास्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. दोन भाग जुळवून धरायचे आणि सांध्याला ब्रशचे टोक टेकवायचे, ग्लू आपोआप फटीत ओढला जातो. फेविक्विकने काम होते, पण तो वरवर धरतो आणि सांधा ठिसूळ राहतो. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक काचेला तर तो अजिबात लावू नये, त्याच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते. तिथे आपला नेहमीचा फेविकॉल लावावा. तो वाळल्यावर दिसत नाही आणि सांडलाच तर ओल्या फडक्याने पुसता येतो.

पण त्या पातळ ग्लूमध्ये ॲसिटोनसारखी द्रव्ये असतात. ती झटकन उडतात आणि झटकन पेटतात. छंदाच्या पुस्तकांत लिहिलेले असते की हवेशीर खोलीत काम करावे. ज्या घरात एकच खोली आणि त्याच खोलीत गॅस, तिथे याचा अर्थ काय घ्यायचा? आमच्या घरी ठरलेले आहे. रात्रीचा स्वयंपाक उरकून सिलिंडर बंद झाल्यावरच बाटली उघडायची, खिडकी आणि दार दोन्ही उघडे ठेवायचे, देवडीत किंवा गॅलरीत बसता आले तर उत्तम. अगरबत्ती, मेणबत्ती, विडी यांपैकी काहीही जवळ नको. खोलीत तान्हे मूल झोपले असेल तर त्या दिवशी ग्लू नाही, नुसते घासकाम करावे. बाटलीचे झाकण प्रत्येक वेळी लावावे. अशा खोक्यांवर बहुधा चौदा वर्षांच्या वरच्यांसाठी असे छापलेले असते, ते निष्कारण नाही. ब्लेडही असते आणि बारीक भागही असतात.

एक गंमत मिगची. हे विमान तीन चाकांवर उभे राहते, पण मॉडेलचे बहुतेक वजन मागे जाते, त्यामुळे नाकात वजन घातले नाही तर ते शेपटीवर बसते. वजनासाठी आम्ही एक पैसा खर्च केला नाही. सायकलवाल्याकडून जुने छर्रे मागून आणले, ते नाकात चिकटवले, आणि दोन्ही अर्धे बंद करण्याआधी चाकांच्या जागी बोट धरून तोल पाहिला. एकदा अंग बंद झाले की आत काही घालता येत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. प्लास्टिकचे चार तुकडे १,६५० रुपयांना का? खोकी परदेशातून येतात. २०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळण्यांचा धंदा वाढावा हा हेतू. पण सीमाशुल्काच्या यादीत बाहुल्या, तीनचाकी आणि ही प्रमाणबद्ध मॉडेल्स एकाच ९५०३ क्रमांकाच्या मथळ्याखाली येतात. बाहुल्या इथे बनतात. १:७२ चे विमान बनवणारा कारखाना दुकानात शोधून आम्हाला तरी सापडला नाही. संरक्षण द्यायचे तर संरक्षण घेणारा कोणीतरी हवा ना!

आणि हे काम आपल्याला जमत नाही असेही नाही. इंग्लंडची एअरफिक्स कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने काढली, हवा भरायच्या रबरी खेळण्यांसाठी. पुढे तिने यंत्र आणले ते कंगवे बनवायला. त्याच तंत्राने १९५२ मध्ये एक जहाज आणि १९५३ मध्ये स्पिटफायर विमान निघाले, आणि वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगला साध्या पिशवीत विकले गेले. गिरणी-खाणीतल्या कामगाराच्या मुलालाही ते घेता यावे, एवढी ती किंमत होती. याच एअरफिक्सच्या खोक्यांवर २०१० नंतरची काही वर्षे 'मेड इन इंडिया' छापलेले असे. म्हणजे साचा परदेशी, नाव परदेशी, पण विमान ओतणारे यंत्र आणि त्यावर पाळी करणारा माणूस इथला. आपल्याकडे कंगवे आणि बादल्या ओतणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. अडते ते पोलादी साच्यापाशी, कारण साच्याचा खर्च आधी करावा लागतो आणि विमाने हजारांनी खपली तरच तो वसूल होतो.

आमच्या शेजारचा एक मुलगा, बारावीतला, रोज संध्याकाळी येऊन बसतो. त्याने चौकटीवरचे नंबर आणि कागदावरची आकृती जुळवायला आमच्यापेक्षा लवकर शिकून घेतले. त्याला स्वतःचे खोके हवे होते. त्याची आई चार घरची स्वयंपाकाची कामे करते. ती आम्हाला सरळ म्हणाली, "भाऊ, याने पोटापाण्याचं काही होणार आहे का? खरं सांगा." आम्ही खरेच सांगितले. नोकरी लागणार नाही, मार्क वाढणार नाहीत. हात बसतो, आकृती वाचता येते, आणि संध्याकाळी पोरगा नाक्यावर दिसत नाही, एवढेच. तिने तीनशे रुपये काढले आणि मुलाला म्हणाली, "खोकं नको. हत्यार घे. हे नाही जमलं तर दुसऱ्या कामाला येईल." बारा वर्षे कॉमर्सची पुस्तके बाळगून आम्ही जो मुद्दा वर परिच्छेदभर मांडला, तो त्या बाईने चार शब्दांत उरकला. मुलाने कटर आणि चिमटा घेतला, उरलेल्या पैशांत दोन वॉटर पेपर. सध्या तो आमच्या मिगची इंधनटाकी घासतो आहे. खोके पुढे कधी घ्यायचे, ते मायलेकरांनी ठरवावे.

रंगकाम आम्ही थांबवून ठेवले आहे. पावसाळी हवेत लॅकर रंगाचा स्प्रे मारला तर ओलाव्याने रंग दुधाळ होतो, आणि ब्रशचा रंगही वाळायला वेळ घेतो. चिन्हांचा कागद पाण्यात भिजवून सरकवायचा असतो, पण त्याआधी खालचा रंग चकचकीत लागतो. खरबरीत रंगावर चिन्हाखाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी झाक दिसते. तेव्हा चकचकीत वॉर्निशची एक बाटली अजून घ्यायची आहे, अंदाजे दोनशे रुपये. ती धरून बेरीज ४,४७० होईल.