व्हेपबद्दल डॉक्टरांनी विचारायलाच हवे

‘तंबाखू, सिगारेट घेता का?’ या प्रश्नाला व्हेप ओढणारा तरुण ‘नाही’ म्हणतो आणि त्याच्या मते ते खरेच असते. केसपेपरवर ‘व्यसन नाही’ अशी नोंद होते. खोकला, धाप कशामुळे, याचा शोध मग भलतीकडेच सुरू होतो.

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आली. पण बंदी आली म्हणजे वापर थांबला असे नव्हे, तो लपला. म्हणूनच डॉक्टरांची माहिती पक्की हवी. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे टार टळते. पण वाफेतून बहुधा निकोटिन शरीरात जातेच. ‘नुसती वाफ’ म्हणून सोडून देणे जितके चूक, तितकेच ती सिगारेटसारखीच आहे असे सरसकट सांगणेही चूक. अमेरिकेत फेब्रुवारी २०२०पर्यंत व्हेपिंगशी निगडित फुप्फुसविकाराचे २,८०७ रुग्ण नोंदले गेले, ६८ दगावले. मुख्य संशय गांजातील टीएचसी असलेल्या द्रावणात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. तेथेही रुग्ण नेमके काय ओढत होता, हे विचारल्यावरच धागा सापडला.

सिगारेट सोडण्यासाठी समुपदेशन, निकोटिनची च्युइंगम, औषधे आणि १८००-११२-३५६ ही मोफत हेल्पलाइन उपलब्ध आहे. डॉक्टरांनी न रागावता एक प्रश्न वाढवावा: ‘व्हेप घेता का?’ उपचाराची सुरुवात तिथूनच होते.