वाद नको, मग सभा कशाला?

वर्ष सरलं. पावसाने लहर दाखवली, कागद महागला, लेखकांनी नेहमीप्रमाणे मजकूर उशिरा दिला आणि अंक नेहमीप्रमाणे तुमच्या हाती आला. वर्षभर डोक्यात भुणभुणत राहिली ती मात्र एक सूचना: ‘कृपया वादग्रस्त विषय टाळावेत.’ सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती असतेच. आता व्याख्यानमाला आणि चर्चामंडळंही तिचाच आधार घेऊ लागली आहेत. हेतू चांगला, माणसं दुरावू नयेत हा. पण वादाने माणसं दुरावतात हे गृहीतकच कच्चं आहे. आपल्याला बोलूच दिलं जाणार नाही अशी खात्री पटली, की ती दुरावतात.

यावर १९०७ च्या सुरत काँग्रेसचा दाखला कोणीही देईल: वाद झाला आणि काँग्रेस फुटली. पण जहाल-मवाळांचं वर्षभर आधी कलकत्त्यालाही पटत नव्हतंच. तिथे अध्यक्ष दादाभाई नौरोजी होते आणि त्यांना दोन्ही बाजू मानत होत्या. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे ठराव घासाघीस होऊन का होईना, पार पडले. सुरतेत याच ठरावांवरून माघार घेतली जाईल, अशी जहालांना शंका होती. अध्यक्षांच्या निवडीवर बोलायचं आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्षांना पाठवली. उत्तर आलं नाही. ते व्यासपीठावर चढले, तर त्यांचं बोलणं नियमबाह्य ठरवलं गेलं. ते हाताची घडी घालून उभेच राहिले. मग लालसर चामड्याचा एक टोकदार मराठी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला. दोन्ही बाजू पुन्हा एकत्र यायला १९१६ चं लखनौ अधिवेशन उजाडावं लागलं.

याच्या उलट घटना समिती. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बहुमत काँग्रेसचं होतं. मनात आणलं असतं तर सगळं काम मुकाट्याने उरकता आलं असतं. तरीही के. टी. शहा दुरुस्तीमागून दुरुस्ती मांडत राहिले आणि बहुतेक वेळा हरत राहिले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी शहा, ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख अशा ‘बंडखोरां’चे नाव घेऊन आभार मानले. सगळेच पक्षशिस्तीत बसले असते तर कामकाज नीरस झालं असतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत, म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, हेही. हरणाऱ्याचं म्हणणं नोंदीत राहिलं, म्हणून तो सभागृहातही राहिला.

कोणी म्हणेल, ते दिग्गज होते. इथे रात्री बारा वाजता कोणीतरी खोटा व्हिडिओ टाकतो आणि सकाळपर्यंत शिव्यांची लाखोली वाहिली जाते. आक्षेप रास्त आहे. सुरतेलाही दोन्हीकडचे लोक बाह्या सरसावूनच आले होते. पण त्यावर उपाय विषयबंदीचा नाही, वर्तनाच्या नियमाचा आहे. अ‍ॅडमिन म्हणजे सभेचा अध्यक्षच. त्याने प्रत्येकाला पाळी द्यावी, पुरावा मागावा, शिवी देणाऱ्याला बाहेर काढावं, आणि हे सगळं स्वतःच्या बाजूच्या माणसालाही लागू करावं. शेवटची अट सर्वांत अवघड आहे आणि गट टिकतो तो तिच्यावरच. दुसरा आक्षेप असा, की काही मतभेद मिटतच नाहीत. नाही मिटत. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढलं; महाराष्ट्राचा त्यात फायदाच झाला. उघडपणे वेगळं होण्यात कमीपणा नाही. मात्र एकाच गटात राहून तोंडं शिवून बसायचं आणि त्याला एकी म्हणायचं, हा भित्रेपणा आहे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे. घरात वाद असतातच, एवढ्यावर त्याचा या टिपणाशी संबंध जोडून घ्यावा. अंकातले काही लेख तुम्हाला पटणार नाहीत. दोन तर आम्हालाही पटलेले नाहीत, तरी छापले आहेत. न पटल्यास सविस्तर, सकारण आणि नावानिशी लिहा. आम्ही छापू.

दिवाळीच्या शुभेच्छा.