बराक नंबर बाराचा उजेड

आर्थर रोड जेलात दिवसाचा उजेड येतो का, हे या देशात कधी कुणी इतक्या बारकाईनं विचारलं? विचारलं लंडनच्या कोर्टानं. ते पण कुणासाठी? विजय मल्ल्यासाठी.

बँकांचं नऊ हजार कोटींच्या घरातलं देणं, फसवणुकीचा आरोप, किंगफिशरच्या कामगारांचे पगार थकलेले. त्याच्या नावाची नोटीस आधी होती ‘अडवा’. नोव्हेंबर २०१५ मध्ये ती झाली ‘नुसतं कळवा’. २ मार्च २०१६ ला हा राज्यसभेचा खासदार आरामात विमानात बसला. मी गोदीत पोती वाहतो. सुटी झाली की गेटवर आमचे खिसे, डबे उलटे करून बघतात. मूठभर साखर सापडली तर आम्हाला ‘अडवा’च असतं, ‘कळवा’ नसतं!

मग सुरू झालं प्रत्यार्पण. म्हणजे पळालेला आरोपी एका सरकारनं दुसऱ्याच्या हवाली करायचा. भारत-ब्रिटनचा करार १९९२ चा. भ्रष्टाचाराविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २०११ मध्ये मंजूर केला. कागद भक्कम. पण जिथं अमानुष वागणूक मिळेल तिथं ब्रिटिश कोर्ट माणूस धाडत नाही. वकिलांनी नेमकं तिथंच बोट घातलं : भारतातले तुरुंग बघा. जुलै २०१८ मध्ये न्यायाधीशबाईंनी बराक नंबर १२ चा व्हिडिओ मागवला. आणि आपल्या सरकारनं तो मुकाट काढून पाठवला. पुढं नीरव मोदीच्या खटल्यातही हीच बराक दाखवली.

काही जण बोंबलतात, चोराला कसले हक्क? मी तसं म्हणणार नाय. बाईंचा सवाल रास्त होता. आरोपीला उजेड पाहिजे, हवा पाहिजे, संडास पाहिजे. माझं भांडण सरकारशी आहे. एका बराकीत कॅमेरा नेलात, बाकीच्या बराकींत का नाय नेला? सरकारचाच २०२२ चा आकडा : देशातल्या दर १०० कैद्यांत ७५ हून जास्त कच्चे कैदी. गुन्हा शाबीत नाही, तरी आत. त्यांत दलित, आदिवासी, मुसलमान आपल्या लोकसंख्येच्या वाट्यापेक्षा जास्त. जामिनाला पैसा नाही म्हणून कित्येक जण सडतात. त्यांच्या खिडकीचा व्हिडिओ कोण मागणार?

डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या कोर्टानं मल्ल्याला पाठवायला हरकत नाही म्हटलं. २०२० मध्ये अपीलही फेटाळलं. मग ब्रिटिश सरकार म्हणालं, एक गुप्त कायदेशीर बाब बाकी आहे. त्या गुप्त बाबीत वर्षांमागून वर्षं गेली. आमच्या माणसाच्या वाट्याला अशी एखादी गुप्त बाब कधी आली नाय.

म्हणून आमचं म्हणणं ऐका. पळालेल्यांना आणा, खटले चालवा, पैसा वसूल करा. पण बारा नंबरचा उजेड काढून घेऊ नका, तो प्रत्येक बराकीत सोडा. आपले तुरुंग माणसांना राहण्याजोगे झाले की परदेशी कोर्टात उभं राहून तुरुंगाकडं बोट दाखवायची सोयच उरणार नाय.

कच्च्या कैद्याच्या खिडकीतून भ्रष्टाचाराविरुद्धची लढाई सुरू होते. तिथं आधी कॅमेरा न्या!