आधी काटा, मग पाना

२०२१ च्या ऑक्टोबरातली दुपार. एक निवृत्त शिक्षक त्यांची २००३ सालची मारुती ८०० घेऊन गॅरेजात आले. गाडी निगुतीने वापरलेली होती. मी बॉनेट उघडायच्या आत त्यांनी मागच्या सीटवरून एक कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवली. तीन प्लग, एक कॉइल, एक पेट्रोल फिल्टर आणि टाकीतून काढलेला पंप, असा ऐवज होता. सोबत रबरबँड लावलेली बिले, तीन वेगवेगळ्या गॅरेजांची. बेरीज बारा हजारांच्या वर. तक्रार मात्र पहिल्या दिवशी होती तीच. घाटात गाडी ओढत नाही, झटके मारते, बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालेच नाही अशी चालू होते.

खरे सांगायचे तर माझाही हात आधी थ्रॉटल बॉडीकडेच गेला. मास्तर शांतपणे म्हणाले, “ती दोनदा साफ झालीय.”

मग मी पाना खाली ठेवला आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो. कधी बंद पडते? “बाहेरगावी जाताना. गावात कधीच नाही.” बाहेरगावी जाताना वेगळे काय करता? “काही नाही. टाकी फुल करतो आणि निघतो.” किती दिवसांपासून? “लॉकडाऊनमध्ये गाडी दारात उभीच होती. बाहेर काढल्यापासून सुरू झालं.”

दुसऱ्या दिवशी टाकी फुल केली. पेट्रोलच्या लाइनमध्ये टी बसवून प्रेशर गेज जोडला, नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेला बाहेरच्या बाजूने चिकटपट्टीने डकवला. (ही नळी केबिनमध्ये कधीही घ्यायची नाही.) साताऱ्याहून निघालो, बोगद्यातून पलीकडे खंडाळ्याला उतरलो आणि तिथून वळून खंबाटकीचा घाट चढू लागलो. तोवर तीन बारच्या आसपास स्थिर असलेला काटा दुसऱ्या वळणानंतर हळूहळू खाली यायला लागला. दोनच्या खाली गेला तसे झटके सुरू झाले, आणि गाडी बंद पडली. कडेला घेऊन मास्तरांना म्हटले, टाकीचे झाकण उघडा. झाकण फिरताच टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. चावी फिरवली, काटा पुन्हा तीनवर.

मूळ झाकण कुठल्यातरी पंपावर राहून गेले होते. त्याजागी बाजारातले कुलूपवाले झाकण आले, त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्हच नव्हता. पण एवढ्यावर गाडी अडली नसती, कारण टाकीला हवेची दुसरी वाट असते, चारकोल कॅनिस्टरकडे जाणारी नळी. ती सोडवून तारेने खरवडली तर कोरड्या मातीची गोळी बाहेर पडली. गाडी दारात उभी असताना कुंभारमाशीने तिथे घर केले होते. पेट्रोल खर्च होई तशी टाकीत पोकळी वाढे आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागे. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर तयार होई. दहा मिनिटे थांबले की झाकणाच्या रबरातून थोडी हवा झिरपे आणि गाडी चालू होई. मास्तरांच्या प्रत्येक वाक्यात निदान होते. ते कुणी लिहून घेतले नव्हते.

आधीची तिन्ही गॅरेजे अडाणी होती असे मी म्हणणार नाही. प्लग, कॉइल, पंप या सगळ्यांनी अशी लक्षणे दिसू शकतात. पण गाडी बंद पडत होती घाटात, टाकी भरलेली असताना, पाऊण तासानंतर. आणि तपासली गेली गॅरेजच्या दारात, पाव टाकीवर, दोन किलोमीटरच्या ट्रायलमध्ये. तिथे ती बिनतक्रार चालणारच. बिघाड ज्या स्थितीत होतो ती स्थिती पुन्हा उभी करणे आणि त्या क्षणी मोजणे, हे आपल्या धंद्यातले अर्धे काम आहे. या महिन्याचे संपादकीय त्या अर्ध्या कामाबद्दल आहे.

सुरुवात गिऱ्हाइकाच्या भाषेपासून करावी लागते. ‘पिकअप नाही’ या दोन शब्दांत किमान पाच वेगळे आजार राहतात. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो, गाडी वाढत नाही. ब्रेक धरून राहिला असेल तर इंजिन निर्दोष असूनही गाडी ओढत नाही. अशा वेळी दहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेले सापडेल. इंजिनला हात लावण्याआधी या दोन गोष्टी बाजूला काढल्या की निम्मे गैरसमज मिटतात.

‘बंद पडते’ याचेही तसेच. स्विच बंद केल्यासारखी एकदम पडते की आचके देत, धापा टाकत पडते? एकदम पडली तर वायरिंग, रिले, इग्निशन स्विचचे झिजलेले पॉइंट, क्रँक सेन्सर किंवा डिस्ट्रिब्यूटरमधला पिकअप यांकडे आधी बघा. आचके देत पडली तर पेट्रोलच्या वाटेकडे. टॅकोमीटर असलेल्या गाडीत गाडी अजून पळत असतानाच काटा शून्यावर आदळला, तर इंजिन फिरत असूनही सिग्नल तुटला आहे हे समजा. फक्त सिग्नलला थांबल्यावर, आयडललाच पडत असेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल व्हॉल्व्ह आणि फाटलेला व्हॅक्यूम पाइप. फक्त लोडवर पडत असेल तर पंप, फिल्टर आणि टाकीतली जाळी. गंजक्या टाकीत ही जाळी विशेष फसवते. चालत्या गाडीत गंजाचा चुरा तिला चिकटतो, पंप थांबला की खाली बसतो, आणि मेकॅनिक पोहोचेपर्यंत गाडी शहाणी झालेली असते.

गरम झाल्यावरच पडणाऱ्या गाडीने तर आपल्यापैकी बहुतेकांची झोप उडवली असेल. कॉइल किंवा सेन्सर थंड असताना मल्टिमीटरवर अचूक रीडिंग देतो. तापल्यावर आतली बारीक तार किंवा डाग सुटतो आणि थंड झाला की पुन्हा जुळतो. असा भाग थंडपणी मोजून ‘ओके’ लिहिणे म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणे. तो हेअर ड्रायरने तापवा, मग मोजा. रिलेच्या खोक्यावर, वायरिंगच्या जोडावर बोटाने टिचक्या मारा. कॉम्प्रेशनही गरम इंजिनवरच घ्या. वर्षानुवर्षे गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेटची फट मरते. सकाळी रीडिंग चांगले, गरम झाल्यावर एक सिलिंडर बसतो. तीन सिलिंडरच्या ८०० मध्ये एक बसला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली.

मोजण्याची साधने महाग नाहीत. पण रीडिंग वाचण्याआधी आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक हवे. निरोगी पेट्रोल इंजिन मुंबईत समुद्रसपाटीला आयडलवर साधारण १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवते. दर हजार फुटांना एक इंच कमी धरा. पुण्यात दोनेक इंच कमी, महाबळेश्वरला साडेचार. तिथे १५ इंच दिसले म्हणून व्हॉल्व्ह उघडायला घेऊ नका. इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरले असता व्हॅक्यूमचा काटा हळूहळू उतरत गेला तर मात्र सायलेन्सर किंवा कॅट कन्व्हर्टर तुंबला आहे का ते बघा. आणि पंप बदलण्याआधी पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज घ्या. बॅटरीवर आणि कनेक्टरवर अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष पंपापर्यंत जाणाऱ्या वाटेत आहे. बहुतेक वेळा तो गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टवर सापडतो. सँडपेपरचा तुकडा पंपापेक्षा स्वस्त असतो.

“आता स्कॅनर आहे की,” असे तरुण सहकारी म्हणतील. स्कॅनर जरूर ठेवा, पण त्याची हद्द ओळखा. आपल्याकडे ओबीडी सक्तीची झाली एप्रिल २०१० पासून, आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत स्कॅनर लागलाच तर दोन-चार कोडपलीकडे बोलत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत बोलायला कुणी नाहीच. आणि बुजलेल्या नळीला, मेलेल्या टॅपेटला, धरलेल्या ब्रेकला कुठल्याच स्कॅनरमध्ये स्वतःचा कोड नाही. जे सेन्सरला कळत नाही ते स्क्रीनवर येत नाही.

जुन्या वस्तादांकडे स्कॅनर नव्हता, पण गाडी कुठे आणि कधी पडते याचे भान पक्के होते. प्रीमियर पद्मिनी बोरघाटात उन्हाळ्यात बंद पडली की ते इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकत. तापलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही, आणि फडक्याने पंप थंड झाला की पेट्रोल पुन्हा धावते. हा उपाय होता तशी चाचणीही होती. फडके टाकून गाडी चालू झाली म्हणजे दोष वाफेचा. कुणी त्यानंतर कॉइल बदलत बसले नाही.

आता एक नवी भानगड आली आहे. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये सर्रास २० टक्के इथेनॉल असते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी आणि त्यात ऑक्सिजन अधिक. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी स्वतःला थोडीफार जुळवून घेते. कार्बोरेटरची गाडी घेत नाही, तिचे मिश्रण पातळ होते आणि चढावर ती आचके देते. जुने रबर पाइप फुगतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा डिंक सुटून फिल्टरवर येतो, उभ्या गाडीत इथेनॉल पाणी धरते. पण म्हणून प्रत्येक बंद गाडीचे खापर इथेनॉलवर फोडण्याची जी नवी सवय लागते आहे, तीही न मोजताच केलेली आहे. शंभर मिलिच्या मोजपात्रात १० मिलि पाणी आणि ९० मिलि पेट्रोल घालून हलवा, स्थिर होऊ द्या. वीस टक्के इथेनॉल असेल तर तळाचा थर साधारण २८ वर येतो. बराच जास्त आला तर टाकीत पाणी उतरले आहे का ते बघा. आग-ठिणगीपासून दूर, पाच मिनिटांचे काम आहे.

हे सगळे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. मग आपण मोजत का नाही? कारण मोजण्याचे पैसे मिळत नाहीत. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, कारण पार्ट हातात धरून दाखवता येतो. दोन तास डोके चालवले ते दाखवता येत नाही. म्हणून आपण तपासणी फुकट करतो, फुकट म्हणून घाईत करतो, आणि घाईतली चूक पार्टच्या बिलात भरून काढतो. यात गिऱ्हाईक नागवले जाते आणि आपली पत जाते. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून जे लोक जुनी गाडी ठेवतात, ते हौसेने किंवा गरजेने ठेवतात. दोघांनाही अंदाजाने बदललेला पंप परवडत नाही.

म्हणून माझे सांगणे असे. जॉब कार्डवर ‘तपासणी’ ही वेगळी ओळ छापून घ्या आणि तिची मजुरी काम घेण्याआधीच सांगा. त्याच कार्डावर गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे उतरवा. थंड की गरम, आयडल की लोड, एकदम की आचके देत, टाकी किती, पुन्हा किती वेळाने चालू. पार्ट बदलला तर बदलण्याआधीचे आणि नंतरचे रीडिंग त्याच्यापुढे लिहा. रीडिंगशिवाय पार्ट बदललाच, तर ‘अंदाजाने’ असे स्पष्ट लिहा. हा एक शब्द स्वतःच्या अक्षरात चार वेळा लिहावा लागला की हात आपोआप गेजकडे जातो.

मास्तरांच्या बिलावर मी लिहिले: तपासणी सहाशे रुपये, झाकण दोनशे. त्यांनी चष्मा वर केला. “झाकण दोनशेचं आणि ते उघडायला सांगायचे सहाशे?” मी त्यांची कापडी पिशवी उघडली आणि त्यांच्यासमोरच एकेक वस्तू तपासली. तिन्ही प्लगांना स्पार्क व्यवस्थित. कॉइल गरम करून मोजली, चोख. पंप बाकावर जोडला, प्रेशर पुरेसे. फिल्टरमधून फुंकर मारली, सरळ आरपार गेली.

मास्तरांनी पिशवीतली बिले पुन्हा एकदा मोजली, माझे आठशे त्यांच्याखाली ठेवले आणि रबरबँड लावला. पिशवी त्यांनी टाकून दिली नाही. ती आजही त्यांच्या डिकीत आहे, स्पेअर म्हणून.