विश्लेषण : दोन मिलिमीटरने काय बिघडते?

१९६६ साली आलेल्या फियाट १२४ स्पायडरची चाके चार बोल्टची. या बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ९८ मिलिमीटर. बाजारात मात्र १०० मिलिमीटरची अलॉय व्हील सहज मिळतात. ‘दोन मिलिमीटरचा तर फरक, आवळले की बसते,’ हा सल्ला त्यातूनच येतो. तो ऐकू नये.

चाक बसते, हे खरे. पण प्रत्येक छिद्र एक मिलिमीटर बाहेर असल्याने बोल्टचा निमुळता भाग एकाच बाजूने टेकतो. पान्याला घट्ट लागले, तरी चाक हबवर पुरेसे दाबले जात नाही. मग फेऱ्यागणिक बोल्ट किंचित वाकतो, सैल होतो किंवा थकून तुटतो. सुट्या कडीचे ‘वॉबल बोल्ट’ एवढा फरक सामावून घेतात. मात्र ते उत्तम प्रतीचे हवेत आणि चाकाचे मधले छिद्र हबवर नेमके बसायला हवे.

पोर्शे ९११ च्या १३० मिलिमीटरच्या हबवर ११२ ची चाके चढवायची, तर अ‍ॅडॉप्टरच लागतो. ऑफसेट जुळवला नाही तर तो चाक बाहेर ढकलतो आणि जुन्या बेअरिंगवरचा ताण वाढवतो. त्यापेक्षा मूळ मापाची चाके शोधावीत, महाग पडली तरी. बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर त्यांचेही बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.